रायफलीचे काडतूस-परिवर्तन

विशिष्ट काडतुसासाठी बनविलेल्या रायफलीत यांत्रिक फेरफार करून ती निराळ्या काडतुसासाठी वापरता येईल अशी करण्याची क्रिया. हा फेरफार केवळ नळीच्या छिद्राचा नसतो. नळी, काडतूस ज्यात बसते तो कक्ष, बोल्टचे तोंड, रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा, मॅगझीन आणि दृष्टिपट्टी या सर्वांचा परस्परमेळ नव्याने बसवावा लागतो. असे परिवर्तन सामान्यपणे तीन कारणांनी केले जाते : (१) सैन्याने नवे काडतूस स्वीकारल्यामुळे जुन्या शस्त्रांना किंवा जुन्या यंत्रसामग्रीला नव्या दारूगोळ्याशी जुळवून घेण्यासाठी, (२) प्रशिक्षणासाठी स्वस्त व कमी शक्तीचे काडतूस वापरता यावे म्हणून आणि (३) एखाद्या वर्गाच्या हाती असलेल्या शस्त्राची शक्ती किंवा उपयुक्तता हेतुपुरस्सर मर्यादित करण्यासाठी. भारतात ही तिन्ही कारणे घडलेली दिसतात. म्हणून या विषयाचा भारतीय इतिहास केवळ तांत्रिक राहत नाही, त्यात राज्यकर्त्यांच्या धोरणाचेही प्रतिबिंब पडते.

रायफल व काडतूस यांचा संबंध : हाताने मागेपुढे करावयाच्या बोल्टवर चालणाऱ्या रायफलीत बोल्ट पुढे ढकलला म्हणजे मॅगझीनमधील वरचे काडतूस कक्षात सरकते. बोल्टची मूठ खाली वळविली की त्यावरील उंचवटे रायफलीच्या मुख्य सांगाड्यातील खाचांत अडकतात व कक्षाचे मागील तोंड बंद होते. चाप ओढल्यावर कळसुईच्या आघाताने काडतुसाच्या बुडातील टोपी पेटते, प्रचालक दारू जळून वायू निर्माण होतात आणि त्यांच्या दाबाने गोळी नळीत लोटली जाते. नळीच्या आतील सर्पिल आट्यांमुळे गोळीला परिवलन मिळून तिची दिशा स्थिर राहते. हा दाब जसा गोळीवर पडतो, तसाच तो पुंगळीच्या बुडामार्फत बोल्टवरही पडतो. तो पेलण्याची जबाबदारी बोल्टचे उंचवटे व सांगाडा यांच्यावर असते.

पितळी पुंगळी या वेळी सीलबंदाचे काम करते. दाबाने ती क्षणभर प्रसरण पावून कक्षाच्या भिंतीला चिकटते व वायूंना मागे येऊ देत नाही. यासाठी पुंगळी व कक्ष यांची मापे अतिशय जवळून जुळावी लागतात. पुंगळी कक्षात ज्या जागी अडून थांबते, ती जागा आणि बंद बोल्टचे तोंड यांमधील अंतराला शस्त्रतज्ञ ‘हेडस्पेस’ म्हणतात. हे अंतर कमी झाले तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. प्रमाणाबाहेर वाढले तर पुंगळी ताणली जाऊन बुडाजवळ फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने बाहेर पडू शकतात. काडतूस-परिवर्तनातील बहुतेक धोके अखेर या एका अंतराशी आणि सांगाड्याच्या दाब पेलण्याच्या क्षमतेशी निगडित आहेत.

काडतुसांचे बुडाच्या रचनेवरून दोन मुख्य प्रकार पडतात. एकात बुडाला पुंगळीच्या अंगापेक्षा रुंद अशी कड असते व तीच कक्षाच्या तोंडाशी अडते. ब्रिटिश ·३०३ हे या प्रकारचे आहे. दुसऱ्यात बुडाचा व्यास पुंगळीच्या अंगाएवढाच असून आकड्यासाठी केवळ खाच असते आणि पुंगळी तिच्या खांद्यावर अडते. ७·६२ मिमी. नाटो काडतूस या प्रकारात मोडते. पहिल्या प्रकारच्या काडतुसांच्या कडा मॅगझीनमध्ये एकमेकींत अडकू नयेत म्हणून प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे ठेवावी लागते. दुसऱ्या प्रकारात ही अडचण उद्‌भवत नाही. त्यामुळे स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रांसाठी तोच प्रकार अधिक सोयीचा ठरला.

परिवर्तनाचे प्रकार : (१) नळी बदलणे : नव्या काडतुसाच्या गोळीचा व्यास मूळ छिद्राशी जुळत नसेल, तर संपूर्ण नळीच नवी बसवावी लागते. सैनिकी परिवर्तने बहुधा या प्रकारची असतात. (२) केवळ कक्ष बदलणे : गोळीचा व्यास तोच असून पुंगळी निराळी असेल, तर मूळ नळी राखून कक्षाचा आकार बदलला जातो. (३) अंतर्नळी बसविणे : मूळ नळीच्या आत कमी व्यासाची दुसरी नळी बसवून हलके काडतूस वापरणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सैन्यात सरावासाठी प्रचारात आलेली ‘मॉरिस ट्यूब’ हे याचे उदाहरण होय. पुढे ·३०३ रायफलींपासून ·२२ व्यासाच्या सराव-रायफलीही तयार करण्यात आल्या. (४) आटे काढून टाकणे : नळीचे छिद्र रुंद व गुळगुळीत करून रायफलीची बंदूक करणे. हे परिवर्तन शस्त्र सुधारण्यासाठी नव्हे, तर त्याचा पल्ला व अचूकता घटविण्यासाठी करण्यात येई.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकातील युरोपीय सैन्यांना पायदळाच्या बंदुका बदलण्यात मोठा खर्च येई, त्यामुळे नवा शोध लागला की जुनी शस्त्रे टाकून देण्याऐवजी ती सुधारून घेण्याकडे कल असे. ब्रिटिशांची १८५३ च्या नमुन्याची ·५७७ इंच व्यासाची एन्फील्ड रायफल तोंडाकडून भरावी लागे. तिची कागदी काडतुसे दातांनी फाडावी लागत. त्यांना लावलेल्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याच्या समजुतीने बंगाल सैन्यात उसळलेला असंतोष १८५७ च्या उठावाच्या निकटच्या कारणांपैकी एक ठरला. याच रायफलींच्या मागील टोकाशी जेकब स्नायडर याने योजिलेली, बाजूस उघडणारी झडप बसवून १८६६ पासून त्या मागून भरता येतील अशा करण्यात आल्या. काडतूसही कागदीऐवजी धातूच्या बुडाचे आले. एका शस्त्राच्या दोन रूपांतील हा बदल काडतूस-परिवर्तनाचे मोठ्या प्रमाणावरील आरंभीचे उदाहरण मानता येईल.

ब्रिटनने १८८८ मध्ये जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टवर आधारलेली ली-मेटफर्ड रायफल व ·३०३ काडतूस स्वीकारले. आरंभी या काडतुसात काळी दारू असे. लवकरच तिची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. तिच्या अधिक उष्णतेने मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे झपाट्याने झिजू लागले. म्हणून अधिक खोल आट्यांची नळी योजण्यात आली आणि १८९५ मध्ये ली-एन्फील्ड रायफल अस्तित्वात आली. काडतुसाचे बाह्य माप तेच राहूनही केवळ आतील दारू बदलल्यामुळे नळी बदलावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९०७ चा ली-एन्फील्डचा आखूड नमुना हा दोन्ही महायुद्धांत भारतीय सैन्याचे प्रमुख शस्त्र होता. कलकत्त्याजवळील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तो दीर्घकाळ तयार होत होता.

ब्रिटिश अमदानीतील निर्बंधक परिवर्तने : १८५७ नंतर ब्रिटिश शासनाने हिंदी सैनिकांच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागील शस्त्र ठेवण्याचे धोरण अवलंबिले. प्रथम एन्फील्ड रायफलींचे आटे काढून त्या गुळगुळीत छिद्राच्या करण्यात आल्या व त्यांच्या दृष्टिपट्ट्याही साध्या, थोड्या अंतरापुरत्या ठेवण्यात आल्या. आटे काढल्यामुळे नळीची भिंत पातळ होऊन ती फुगण्याचा वा वाकण्याचा संभव वाढला. म्हणून पुढे जाड भिंतीच्या नळ्यांचा नमुना काढावा लागला. शस्त्र दुबळे करण्यासाठीही पुन्हा वेगळा खर्च करावा लागला, असा हा प्रकार होता.

विसाव्या शतकात हेच तत्त्व पोलिसांच्या शस्त्रांना लावण्यात आले. ईशापूर येथे ·३०३ रायफलींचे ·४१० व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये परिवर्तन होई. तिचे काडतूस ·३०३ च्याच पुंगळीवर, परंतु मान न आवळता तयार केलेले असे. मॅगझीनची जागा बुजविलेली असल्याने एका वेळी एकच काडतूस भरता येई. ही मस्केट दिसावयास रायफलीसारखी असली, तरी तिचा पल्ला व वेग अगदीच मर्यादित होता. पोलीस, तुरुंगरक्षक व पहारेकरी यांच्याकडे ती स्वातंत्र्योत्तर काळातही अनेक वर्षे राहिली.

नागरिकांच्या शस्त्रांच्या बाबतीत निर्बंधाचे रूप निराळे होते. सैन्याचा दारूगोळा चोरीस जाऊन खाजगी शस्त्रांत वापरला जाईल या भीतीने सैनिकी व्यासाच्या रायफली नागरिकांना वर्ज्य करण्यात आल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ·४५० व्यासाच्या रायफलींवर आलेल्या बंदीमुळे इंग्लंडमधील बंदूक-उत्पादकांनी भारतातील शिकाऱ्यांसाठी ·४७० व ·४६५ अशी नवी काडतुसे काढली. त्याचप्रमाणे ·३०३ वर्ज्य असल्यामुळे ली-एन्फील्डच्याच बोल्टवर, पण ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसावर आधारलेल्या ·३१५ व्यासाच्या शिकारी रायफली बर्मिंगहॅम येथील बी. एस. ए. कंपनीने तयार केल्या. पुढे ईशापूरच्या कारखान्यानेही ·३१५ रायफलीचे उत्पादन हाती घेतले. शेतकरी, बागाईतदार व शिकारी यांच्या परिचयाची ही रायफल कायद्याच्या अटीतून जन्मलेले परिवर्तन होय.

ईशापूरची ७·६२ मिमी. रायफल : नाटो संघटनेच्या राष्ट्रांनी १९५४ मध्ये ७·६२ × ५१ मिमी. हे काडतूस प्रमाणभूत म्हणून स्वीकारले. भारतानेही त्याच काडतुसावर चालणारी अर्धस्वयंचलित रायफल घेण्याचे ठरविले. परंतु १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झाले, तेव्हा भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने ·३०३ बोल्ट-रायफलीच होत्या. समोरच्या चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती. नव्या रायफलीचे उत्पादन वाढविण्यास काही वर्षे लागणार होती आणि तोपर्यंत वाढत्या सैन्याला शस्त्रे हवी होती. अशा वेळी ईशापूर येथे चालू असलेली ली-एन्फील्डची यंत्रसामग्री व तेथील कारागिरांचा अनुभव यांचा उपयोग करून तीच रायफल नव्या काडतुसासाठी बनविण्याचा निर्णय झाला. तिचे प्रथम रूप ‘२ ए’ व थोड्या सुधारणांनंतरचे रूप ‘२ ए १’ या नावांनी ओळखले जाते.

जुन्या ·३०३ रायफली कापूनजोडून या रायफली केल्या, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. आराखड्याचे परिवर्तन झाले, परंतु रायफली नव्याने घडविलेल्या होत्या. याचे कारण दोन्ही काडतुसांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. ·३०३ ची पुंगळी सु. ५६ मिमी. लांब व कडेची, तर ७·६२ ची ५१ मिमी. लांब व कडेविना आहे. ·३०३ च्या गोळीचा व्यास सु. ७·९ मिमी., तर नव्या गोळीचा सु. ७·८ मिमी. आहे. म्हणजे जुन्या नळीत नवी गोळी सैल पडते व जुन्या कक्षात नव्या पुंगळीचा खांदा आधारावाचून राहतो. ·३०३ ची ११·३ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ७४५ मी. वेगाने निघते, ७·६२ ची सु. ९·५ ग्रॅ. वजनाची गोळी सु. ८४० मी. वेग घेते. कमाल दाब अनुक्रमे सु. ३६५ व ४१५ मेगॅपास्कल असल्याने नव्या काडतुसाचा भार सु. एकसप्तमांशाने अधिक आहे.

हा वाढीव भार ही खरी कसोटी होती. ली-एन्फील्डच्या बोल्टचे उंचवटे त्याच्या मागील भागात असतात. त्यामुळे हालचाल जलद होते, पण गोळी सुटताना बोल्ट व सांगाडा यांचा अधिक लांबीचा भाग ताण घेतो व किंचित लवतो. माउझर रायफलीत उंचवटे बोल्टच्या पुढच्या टोकाशी असल्याने हा दोष कमी असतो. ईशापूर येथे सांगाडा व बोल्ट यांसाठी अधिक बळकट पोलाद वापरून ही उणीव भरून काढण्यात आली. नव्या बुडाला साजेसा आकडा, चौकोनी ठेवणीचे बारा काडतुसांचे मॅगझीन आणि नव्या गोळीच्या मार्गानुसार आखलेली दृष्टिपट्टी हे अन्य बदल होत. ‘२ ए’ वरील दृष्टिपट्टी जुन्या पद्धतीप्रमाणे २,००० पर्यंतच्या अंतरांची होती. प्रत्यक्ष लढाईत एवढ्या अंतरावर एकट्या नेमबाजाचा उपयोग नसल्याने ‘२ ए १’ मध्ये ती ८०० मी. पर्यंतच ठेवण्यात आली. लाकडी दस्ता, सु. ११३ सेंमी. लांबी व संगीन बसविण्याची सोय ही मूळची वैशिष्ट्ये कायम राहिली. सैनिकाला नवे शिक्षण जवळजवळ द्यावे लागले नाही, हा या परिवर्तनाचा मोठा लाभ होता.

अर्धस्वयंचलित रायफलींचा पुरवठा वाढल्यावर ही रायफल पायदळाच्या आघाडीच्या तुकड्यांतून मागे सरली आणि राखीव दले, पोलीस व गृहरक्षक दले यांच्याकडे गेली. कोणत्याही देशाच्या नियमित सैन्यासाठी आराखडा केलेल्या अखेरच्या बोल्ट-रायफलींत तिची गणना करतात.

अन्य देशांतील परिवर्तने : ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धकालीन ‘क्रमांक ४’ च्या ली-एन्फील्ड रायफलींवर ७·६२ च्या नळ्या बसविण्याचे प्रयोग झाले. सर्वसाधारण सैनिकी रायफल म्हणून ते पुढे गेले नाहीत. मात्र जाड नळी बसवून केलेली ‘एल ४२ ए १’ ही लांब पल्ल्याची नेमबाजी-रायफल १९७० पासून सु. दोन दशके वापरात होती. नॉर्वेने दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांकडून हाती आलेल्या माउझर रायफली अमेरिकी ·३०-०६ काडतुसासाठी बदलल्या. इझ्राएलने ७·९२ मिमी. माउझर रायफलींना ७·६२ नाटोच्या नळ्या बसवून त्या राखीव दलांना दिल्या. स्पेनने जुन्या माउझर सांगाड्यांवर ‘एफ आर ७’ व ‘एफ आर ८’ हे नमुने तयार केले. त्यांपैकी पहिल्याचा सांगाडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आराखड्याचा असल्याने त्याच्या बळकटीविषयी पुढे मतभेद झाले. या सर्व उदाहरणांत मूळ रायफलीचे वय व पोलादाची प्रत हाच निर्णायक प्रश्न राहिलेला दिसतो.

महाराष्ट्र : रायफलीचे परिवर्तन काडतुसाच्या अखंड पुरवठ्यावाचून निरर्थक ठरते. या दृष्टीने महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. ·३०३ काडतुसांच्या बुडावर आढळणारी ‘के एफ’ ही अक्षरे खडकीच्या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. जळगाव जिल्ह्यातील भुसावळजवळचा वरणगाव येथील कारखाना १९६० नंतरच्या दशकात उभारण्यात आला. तेथे ७·६२ मिमी. व पुढे ५·५६ मिमी. काडतुसांचे उत्पादन होऊ लागले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर खडकी व वरणगाव हे कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आले.

सैन्यातून निवृत्त झालेली ·३०३ रायफल राज्यांच्या पोलिसांकडे मात्र नव्या शतकापर्यंत टिकून होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी स्वयंचलित रायफलींनी गोळीबार केला, तेव्हा तेथील काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावा लागणारे शस्त्र व सतत गोळ्या सोडणारे शस्त्र यांतील विषमता त्या रात्री साऱ्या देशाने पाहिली. पोलिसांच्या शस्त्रसज्जतेच्या प्रश्नाला त्यानंतर चालना मिळाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी ·३०३ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. परिवर्तन करून शस्त्राचे आयुष्य वाढविता येते. परंतु त्याच्या कार्यपद्धतीची मर्यादा काडतूस बदलल्याने ओलांडता येत नाही, हा यातील बोध आहे.

परीक्षण व धोके : परिवर्तित रायफल वापरात आणण्यापूर्वी तिची शासनमान्य चाचणी घेतली जाते. नेहमीपेक्षा सु. पाव हिश्श्याने अधिक दाब निर्माण करणारी खास काडतुसे शस्त्र बंदिस्त ठेवून दुरून उडवितात. त्यानंतर कक्ष, बोल्टचे उंचवटे व हेडस्पेस यांची मापे घेऊन कोठे भेग वा विस्तार नाही याची खात्री झाल्यावरच चाचणीची मुद्रा उठवितात. अशा चाचणीवाचून केलेले परिवर्तन कितीही सफाईदार दिसले, तरी त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा नसतो. सदोष रायफल पहिल्याच गोळीला फुटते असे नाही. पोलादातील सूक्ष्म भेगा वाढत जाऊन ती शंभराव्या गोळीलाही दगा देऊ शकते.

दुसरा धोका नावांच्या साम्याचा आहे. ‘७·६२’ हा आकडा एकच काडतूस दर्शवीत नाही. नाटोचे ५१ मिमी. लांबीचे, रशियन कलाश्निकव्ह रायफलीचे ३९ मिमी. लांबीचे आणि त्याहून जुने रशियन ५४ मिमी. लांबीचे काडतूस ही तिन्ही ७·६२ च म्हणविली जातात. परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून काडतुसाचा व्यास व पुंगळीची लांबी ही दोन्ही सांगणे आवश्यक असते आणि परिवर्तित शस्त्रावर नव्या काडतुसाचे नाव ठळकपणे कोरण्याची प्रथा आहे. इझ्राएली माउझर रायफलींच्या दस्त्यावर मोठ्या अक्षरांत जाळलेला ७·६२ हा आकडा याच हेतूने होता.

कायदा : भारतात शस्त्रास्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्रांचे उत्पादन, दुरुस्ती, चाचणी व परिवर्तन परवान्यावाचून करता येत नाही. १९६२ च्या नियमांत वर्ज्य शस्त्रांची व्याख्या नळीच्या व्यासापुरती मर्यादित न ठेवता ज्या कोणत्याही शस्त्राच्या कक्षात ·३०३, ७·६२ मिमी. अथवा ·४१० मस्केटचे सेवा-काडतूस बसून उडविता येईल, त्या सर्वांना लागू करण्यात आली. शस्त्राची ओळख त्याच्या बाह्यरूपावरून न ठरता त्याच्या कक्षावरून ठरते, हे तत्त्व यात मान्य झाले. २०१९ च्या दुरुस्तीने २०१६ च्या नियमांतील एका वर्गाच्या शस्त्राचे दुसऱ्या वर्गात विनापरवाना परिवर्तन करणे कलम ६ खाली स्पष्टपणे निषिद्ध ठरविले. बृहन्मुंबईत, म्हणजे जोगेश्वरी, अंधेरी, मुलुंड यांसारख्या उपनगरांतही, नागरिकांना वर्ज्य नसलेल्या शस्त्रांचे परवाने देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. वारशाने आलेली जुनी रायफल असल्यास तिच्यावरील मुद्रा व परवान्यातील नोंद जुळते की नाही, हे परवानाधारक विक्रेत्याकडून तपासून घेणे इष्ट होय. खाजगी रीत्या केलेला फेरफार कायद्याने गुन्हा व शरीरास धोका अशा दोन्ही दृष्टींनी घातक ठरतो.

मूल्यमापन : काडतूस-परिवर्तन हा टंचाईच्या काळातील उपाय आहे. उपलब्ध यंत्रे व कारागिरी यांचा लाभ घेऊन तो थोड्या वेळात व खर्चात गरज भागवितो. ईशापूरच्या रायफलीने १९६२ नंतरच्या कठीण वर्षांत हेच कार्य केले. त्याच कारखान्यात पूर्वी ·३०३ रायफलीचे आटे काढून ·४१० मस्केट तयार होत होती. एका परिवर्तनाने शस्त्रधारकावरील अविश्वास व्यक्त झाला, तर दुसऱ्याने त्याची निकड भागविली. तंत्र जवळपास तेच असले, तरी त्यामागील हेतू शासनाचा स्वतःच्या शिपायाशी असलेला संबंध दर्शवितो.